खुर्ची उलटी करून बघ

घर जळत होतं तेव्हा प्रेबेन फेरीबोटीवर होता. मॉर्स बेट आणि समोरचा किनारा यांच्यामधलं पाणी एवढंसं, की बोटीवर घेतलेली कॉफी निवायच्या आत पलीकडचा धक्का लागतो. गाड्या चढवायच्या, साखळी लावायची, पलीकडे उतरवायच्या, हे काम त्याने उभी हयात केलं होतं. त्या दिवशी दुपारी बेटाच्या अंगाला काळा धूर वर चढताना त्याला दिसला. शेजारी उभ्या असलेल्या दूधगाडीच्या ड्रायव्हरला तो म्हणाला, "कुणाचं तरी जळतंय बघ, बिचाऱ्यांचं."

ते बिचारे आपणच, हे त्याला धक्क्याला लागल्यावर फोन आला तेव्हा कळलं.

दोर्ते, त्याची बायको, गावातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती पोहोचली तोवर छप्पर खाली बसलं होतं. कपडे वाळवायच्या यंत्रात काहीतरी बिघडलं असावं, असं अग्निशमनवाले म्हणाले. घरात कुणी नव्हतं, कुणाला इजा झाली नाही, हे जो तो येऊन सांगत होता आणि दोर्ते मान हलवत होती. घर प्रेबेनच्या वडिलांचं. आतलं सामानही त्यांचंच, काही तर त्यांच्याही वडिलांचं. लग्न होऊन दोर्ते या घरात आली तेव्हा बसायला खुर्च्या होत्या, जेवायला टेबल होतं, झोपायला पलंग होता, आणि बैठकीच्या खोलीत द्राक्षाचे घोस कोरलेलं ओकचं भलंथोरलं कपाट होतं. तिने आपल्या संसारासाठी स्वतः निवडून घेतलेली वस्तू म्हणजे पडदे.

अंगणात उभी राहून ती रडत होती, आणि रडता रडता तिच्या मनात आलं, कपाटही गेलं. त्याबरोबर छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. एवढं हलकं वाटलं, की ती दचकली. तिने घाईघाईने प्रेबेनकडे पाहिलं. तो धुराकडे बघत उभा होता, हात खिशात, जणू बसची वाट पाहतोय. आपल्या मनात काय येऊन गेलं हे त्याला दिसलं तर नाही ना, या विचारानेच तिचे कान तापले. ते हलकं वाटणं तिने तिथल्या तिथे गाडून टाकलं आणि पुढे कित्येक आठवडे त्याचं नाव काढलं नाही, स्वतःशीसुद्धा.

त्या जागेवर पुन्हा घर बांधायचं नाही, हे प्रेबेनने एका वाक्यात ठरवलं. बेटावरच्याच न्यूकबिंग शहरात, बंदराच्या वरच्या अंगाला, ओळीतलं एक छोटं घर त्यांनी घेतलं. किल्ली हातात आली तेव्हा एप्रिल उजाडला होता. रिकाम्या खोल्यांत बोललं की आवाज परत यायचा.

"सामान घेऊन टाकू," प्रेबेन म्हणाला. "एकाच दिवसात. परत परत कोण जातंय."

तसंच केलं. हायवेलगतच्या मोठ्या दुकानात ते शनिवारी शिरले आणि दुकान बंद व्हायच्या आत जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या, सोफा, ड्रॉवरचं कपाट, सगळं घेऊन मोकळे झाले. दोर्ते सोफ्यावर कोट न काढताच बसली आणि लगेच उठली. विक्रेता बोलत होता ते कापडाच्या रंगाबद्दल. "हा राखाडी सध्या फार चालतो." प्रेबेन प्रत्येक वस्तूला मान डोलवत होता. विक्रेत्याने त्याला उद्या एखादी शवपेटी दाखवली असती तरी त्याने तशीच मान डोलवली असती, असं दोर्तेला वाटलं. पण ती काही बोलली नाही. तिलाही कुठे कळत होतं? चष्म्याची काडी हातात घेतली की ती किती दिवस टिकेल हे ती सांगू शकायची. खुर्चीत काय बघायचं असतं हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मे महिन्यात प्रेबेनचा वाढदिवस आला. त्याची मोठी बहीण गुडरून येणार होती. गुडरून सेवानिवृत्त परिचारिका. दवाखान्यातली नव्हे, घरोघर जाऊन म्हाताऱ्या, आजारी माणसांचं करणारी. हाडापेराने मजबूत, जिभेने त्याहून मजबूत. लग्न झाल्यापासून दोर्तेला या नणंदेचा धाक होता. गुडरून घरात शिरली, की दोर्ते नकळत ओट्यावरून फडकं फिरवायला लागायची.

वाढदिवसाच्या रिवाजाप्रमाणे टेबलावर छोटे कागदी झेंडे उभे केले होते. दोर्तेने खोबऱ्याच्या थराचा केक केला होता. गुडरूनने दारातच भावाला मिठी मारली, भेटवस्तूची पेटी दिली, आणि घर पाहिलं.

"उजेड छान आहे," ती म्हणाली. याहून मोठं कौतुक तिने आजवर केलं नव्हतं.

कॉफी ओतली. गुडरून शेजारणीच्या नातवाच्या लग्नाची हकिगत सांगायला लागली. नवरामुलगा चर्चच्या पायरीवर कसा अडखळला, हे सांगताना ती हसत मागे रेलली. कड्कन आवाज झाला आणि गुडरून टेबलाच्या कडेखाली दिसेनाशी झाली. तिच्या कपातली कॉफी टेबलभर पसरली.

कुणी हललं नाही. मग खालून गुडरूनचा हात वर आला. हातात बशी होती.

"केक वाचलाय," ती म्हणाली.

"गुडरून! लागलं का तुला? अगं बाई, थांब, उठू नकोस." दोर्ते धावली.

"उठू नको तर काय इथेच राहू? आणि तुमच्याकडे बसायचं तर आधी विमा उतरवून यायला हवं, हे आमंत्रणात सांगायचं होतंस." विमा हा शब्द तोंडातून गेल्यावर तिनेच जीभ चावली. पण खाली बसल्या बसल्या तिने मोडकी खुर्ची ओढून उलटी केली. "इकडे ये. हे बघ."

दोर्ते गुडघ्यावर बसली. खुर्चीचा मागचा पाय एका स्क्रूने धरून ठेवला होता आणि तो स्क्रू ज्यात बसवला होता ते लाकूड नव्हतंच. दाबून बसवलेला भुसा होता. बोट लावलं तसा तो ओल्या बिस्किटासारखा सुटला. वरून लाकडाच्या रेषा छापलेला पापुद्रा.

"घेताना उलटी करून पाहिली नव्हतीत?" गुडरूनने विचारलं.

"दुकानात खुर्ची उलटी करायची?"

"मग काय घरी आणून माझ्याकडून करून घ्यायची?"

दोर्तेला हसू फुटलं. गुडरूनही हसली. दोघी फरशीवर बसून झेंड्यांच्या सावलीत हसत होत्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ज्याचा वाढदिवस होता तो खोलीत नाही.

प्रेबेन मागच्या अंगणात सायकलींच्या शेडजवळ उभा होता. दोर्ते बाहेर गेली.

"खुर्ची बदलून देतील ते," ती म्हणाली. "मी सोमवारी फोन करते."

"नको बदलूस. मोडली तर मोडली."

"असं कसं? बाकीच्याही मोडतील."

"मोडू देत." त्याचा आवाज अगदी शांत होता. "मला टिकणारं नकोच आहे, दोर्ते. टिकणारं होतं ना आपल्याकडे? आजोबांच्या वेळेपासूनचं. शंभर वर्षं टिकेल म्हणायचे सगळे. बघितलंस ना, एका दुपारी काय झालं ते. आता मोडकंतोडकंच बरं. गेलं तर कुणाला काही वाटायला नको."

त्या शनिवारी तो का मान डोलवत होता, ते दोर्तेला आता कळलं. घाई नव्हती ती. जीव लागू नये अशाच वस्तू त्याने जाणूनबुजून घेतल्या होत्या. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो तसाच उभा राहिला. आतून गुडरूनच्या फरशी पुसण्याचा आवाज येत होता.

दोन-तीन दिवसांत टेबलाची कड फुगली. कॉफी जिथे शिरली होती तिथला पापुद्रा उचलला गेला आणि खालून भुसा डोकावायला लागला. दोर्ते सकाळी नाश्त्याला बसायची आणि तिची नजर त्या फुगीवर जायची. अशा टेबलावर बसून माणूस पुढचा विचार कसा करणार? आणि प्रेबेन खरंच करत नव्हता. उन्हाळ्यात कुठे जायचं म्हटलं तर "बघू." बागेत काय लावायचं म्हटलं तर "बघू." चालू आठवड्याच्या पलीकडचं त्याच्या तोंडून निघतच नव्हतं.

शेवटी तिने गुडरूनला फोन केला. वाढदिवस आणि ख्रिसमस सोडून नणंदेला आपणहून केलेला हा तिचा पहिलाच फोन.

"काय झालं? प्रेबेन बरा आहे ना?" गुडरूनने लगेच विचारलं.

"बरा आहे. मला टेबल घ्यायचंय. खुर्च्यासुद्धा. तू येशील का माझ्याबरोबर?"

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"लवकर निघू," गुडरून म्हणाली. "आणि पँट घालून ये. झोपून बघावं लागतं."

ते तिने शब्दशः म्हटलं होतं. बेटाच्या दुसऱ्या अंगाचा पूल ओलांडून त्या स्कीव्ह शहरात गेल्या. तिथल्या पहिल्याच दुकानात गुडरून पाठीवर आडवी झाली आणि एका टेबलाखाली सरकली. दुकानातली मुलगी लगबगीने आली. "काही मदत करू का?"

"कर की," टेबलाखालून आवाज आला. "तो दिवा जरा इकडे वळव."

मुलीने दिवा वळवला. दोर्तेला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं, पण गुडरूनने तिचा पाय धरून ओढला. "तू पण ये. उभ्याने काय दिसणार तुला? वरची बाजू सगळेच गुळगुळीत करतात."

दोर्ते आडवी झाली. टेबलाच्या पोटाखालून जग निराळंच दिसत होतं. पाय आणि चौकट जिथे भेटतात तिथे बघ, गुडरूनने सांगितलं. नुसते खिळे ठोकलेत, गोंद ओघळलाय, की लाकडात लाकूड गुंतवलंय? कोपऱ्यांत आडवे आधार आहेत का? मग ड्रॉवर. अर्धा नाही, पूर्ण बाहेर काढायचा आणि कोपरा बघायचा. दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तशा खाचा असतील तर तो ड्रॉवर नातवंडं ओढतील. तळाला पुठ्ठ्यासारखी फळी असेल तर चमचे ठेवून बघ, महिन्यात पोट सुटेल. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलायचा. दुसरा पाय लगेच बरोबर उठला तर सांगाडा भक्कम. तो खालीच राहिला तर सांगाडा पिळवटतोय, मग वरून कापड कितीही भारी असो.

"हे सगळं तुला कुणी शिकवलं?" दोर्तेने विचारलं.

"म्हाताऱ्यांनी. मी लोकांना खुर्च्यांतून उठवण्यात आयुष्य घालवलं, दोर्ते. कुठल्या खुर्चीचं काय नाव, कुणी बनवली, ते मला विचारू नकोस. माझी परीक्षा एकच. बस. आता हात न टेकता ऊठ."

दोर्ते एका सुरेख, खोल, मखमली खुर्चीत बसली. उठायला गेली आणि परत मागे पडली.

"बघितलंस? आज तुला हसू येतंय. उद्या या खुर्चीपायी माणूस दुपारभर तहानलेला बसून राहतो, कारण स्वयंपाकघरापर्यंत जायला आधी उठावं लागतं. टिकणं म्हणजे नुसतं खुर्चीने टिकणं नव्हे."

त्या दुकानात टेबलं चांगली होती, पण एकही दोर्तेच्या मनात भरलं नाही. मग गुडरूनने गाडी चर्चतर्फे चालणाऱ्या जुन्या सामानाच्या दुकानाकडे वळवली. जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत ते होतं. कपबशा, दिवे, गालिचे यांच्या मधून वाट काढत त्या मागच्या दालनात आल्या आणि गुडरून थबकली.

"दोर्ते."

समोर ओकचं कपाट उभं होतं. तेच नव्हे, पण त्याचं सख्खं भावंड शोभावं असं. तेच घोस, त्याच पितळी मुठी. गुडरूनने ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला. खाचा अशा, की नख शिरणार नाही. तिने दार उघडलं, लावलं, फळ्यांवर वाकून नाक लावलं, मागची बाजू ठोकली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"हेच," ती म्हणाली. "कुठूनही बघ, कुठेच खोट नाही. प्रेबेनला किती बरं वाटेल."

दोर्तेने कपाटाकडे पाहिलं. गुडरूनच्या सगळ्या परीक्षा आता तिलाही येत होत्या आणि त्या प्रत्येकीत ते कपाट पैकीच्या पैकी उतरत होतं.

"नको," ती म्हणाली.

"नको? का?"

"मला ते आवडत नाही."

"अगं, अस्सल ओक आहे."

"असेल. पण मला ते कधीच आवडलं नाही, गुडरून. तुमचंही. ते घोस मी दर शुक्रवारी दात घासायच्या ब्रशने साफ केले. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून. खोलीतला निम्मा उजेड ते खायचं. घर जळत होतं ना, तेव्हा अंगणात उभी राहून मी रडत होते, आणि मला वाटलं, सुटले. त्या कपाटातून सुटले. आता तुला काय म्हणायचं ते म्हण."

गुडरूनने ड्रॉवर सावकाश आत सारला. पर्स उचलली आणि बाहेर चालू लागली.

बंदरावरच्या टपरीपाशी तिने गाडी थांबवली, दोन लाल सॉसेज आणली, एक दोर्तेच्या हातात दिलं. दोघी गाडीला टेकून उभ्या राहिल्या. वारा सुटला होता.

"माझ्या आईच्या कमरेवर," गुडरून पाण्याकडे बघत म्हणाली, "इथे, डाव्या बाजूला, नेहमी एक निळा डाग असायचा. मी तिला अंघोळ घालायला लागले तेव्हा दिसला. शेवटी शेवटी. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, कपाटाचा कोपरा. स्वयंपाकघरातून थाळ्या घेऊन येताना लागतो."

दोर्तेने घास गिळला. "तो कोपरा मलाही लागायचा. डाव्या बाजूलाच."

"दोघींनी मिळून कधी सरकवलं कसं नाही?"

"ते सरकतंय होय? आणि सासऱ्यांना कोण सांगणार?"

"बाबांना सांगायची कुणाचीच टाप नव्हती," गुडरून म्हणाली. "माझीसुद्धा." मग तिने बोट चाटलं आणि रुमालाने नीट पुसलं. "मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तुझ्या म्हणण्याचं नाही. मला वाटत होतं, ते कपाट म्हणजे आमचं घर. आईला त्या हिशोबात धरायचंच राहून गेलं."

दोर्तेने हातातलं सॉसेज संपवलं. सीगल पक्षी टपरीभोवती घिरट्या घालत होते.

"त्या कपाटाच्या मागे एक टेबल होतं," दोर्ते म्हणाली. "साधंच. फिकट लाकडाचं."

"बघितलं मी. जाताना हात लागला तर डुगडुगलं."

"परत जाऊ या का?"

बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं टेबल होतं ते, दोन्ही बाजूंनी ओढून मोठं होणारं. वर कपांचे गोल डाग होते, एका ठिकाणी कुणीतरी कंपासच्या टोकाने चांदणी कोरली होती. गुडरूनने हाताने दाबलं तसं ते डावीकडे झुकलं.

"बघ. म्हटलं नव्हतं?"

पण दोर्ते एव्हाना खाली आडवी झाली होती. कोपऱ्यांतले आधार जागच्या जागी होते. सांधे घट्ट. कुठे चीर नाही, कीड नाही. तिने चारही पाय धरून एकेक हलवून पाहिला. चष्म्याची नुसती बिजागरी हलणं आणि काडी तुटायला येणं यातला फरक तिच्या बोटांना ठाऊक होता.

"सांधा सैल नाही," ती खालून म्हणाली. "पाय नीट बसलेले नाहीत. हे दुरुस्त होईल."

"कशावरून?"

"माहीत नाही. पण मी हे घेतेय."

गुडरूनने वाकून तिच्याकडे पाहिलं. "घे मग. मी डोकं धरते, तू पाय धर."

त्याच दालनात त्यांना खुर्च्या मिळाल्या. विणलेल्या कागदी दोरीची बैठक असलेल्या, दोन एका जातीच्या, चार दुसऱ्या. दोर्तेने प्रत्येक उलटी केली, प्रत्येकीवर बसून हात न टेकता उठली. दुकानातले एक आजोबा टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा तिला लाज वाटायच्या ऐवजी गंमत वाटली.

टेबल नव्या घरात आलं ते पाय सुटे करून. दोर्तेने ते जेवणाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. प्रेबेनने विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "टेबल." तो "बरं," म्हणाला आणि फुगलेल्या कडेपाशी बसून हेरिंग मासा आणि काळा पाव खायला लागला. ती पुढे काही बोलली नाही. जोडायला सांगितलं नाही, आठवणही केली नाही. दररोज तो त्या सुट्या पायांवरून ओलांडून फ्रिजपर्यंत जायचा.

रविवारी सकाळी दोर्ते बेकरीतून ताजे पाव घेऊन आली, तर जेवणाच्या खोलीत टेबल उलटं पडलेलं, आणि त्याच्या शेजारी प्रेबेन मांडी घालून बसलेला. पायात मोजे, हातात पाना.

"इकडे ये," तो वर न बघता म्हणाला. "हे बघ. ज्याने हे बनवलं ना, त्याने प्रत्येक पायावर पटाशीने रेघा मारल्यात. एक, दोन, तीन, चार. आणि कोपऱ्यांवर तशाच. प्रत्येक पाय त्याच्याच कोपऱ्यासाठी तासलाय. नंतर कुणीतरी घर बदलताना दोन अन् तीनची अदलाबदल केली, घासल्याच्या खुणा दिसतायत. म्हणून डुगडुगत होतं बिचारं. किती वर्षं चुकीच्या पायांवर उभं होतं, कोण जाणे."

"आता?"

"आता बरोबर लावतोय." त्याने पाना फिरवला. "वरचे डाग काढू का? पॉलिशपेपर आहे माझ्याकडे, बोटीवर."

"डाग काढ. चांदणी राहू दे."

"चांदणी राहू दे," तो म्हणाला.

दोर्ते पावाची पिशवी घेऊन तशीच त्याच्याजवळ खाली बसली. आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, असं तिला वाटलं.

"प्रेबेन, मला ते कपाट आवडायचं नाही. ओकचं. ते गेलं तेव्हा मला बरं वाटलं. थोडंसं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"नावडतं होतं ते. दर शुक्रवारी पुसताना तू तोंडातल्या तोंडात त्याला काय काय म्हणायचीस, ते ऐकू यायचं की. एकदा तर तू बाबांच्याही वरची शिवी दिलीस."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"काय बोलणार? मला ते ना आवडायचं, ना नावडायचं. ते तिथे होतं." त्याने पाना खाली ठेवला. त्याचा चेहरा एकदम हलला. "मी कपाटासाठी नाही गं रडत. मी बोटीवर उभा राहून म्हणालो, कुणाचं तरी जळतंय. आणि कॉफी प्यायलो. तेवढंच मला…" आगीनंतर तो पहिल्यांदाच रडत होता, उलट्या टेबलाच्या चार पायांमध्ये डोकं घालून. दोर्तेने त्याला धरून ठेवलं. पाव त्यांच्या मध्ये चेपले गेले, ते त्यांनी नंतर तसेच लोणी लावून खाल्ले.

त्यानंतर सगळं एकदम बदललं असं नाही. पण फुगलेलं टेबल गॅरेजमध्ये गेलं आणि त्यावर प्रेबेनचे रंगाचे डबे बसले. राखाडी सोफा दुकानाने कुरकुर करत परत नेला. नव्या सोफ्यासाठी प्रेबेन आपणहून म्हणाला, "मी पण येतो."

दुकानात त्याने दहा सोफ्यांचे पाय उचलले असतील. विक्रेता मागे मागे फिरत होता. एका कातडी सोफ्याचा सांगाडा पक्का होता, पाय बरोबर उठले, शिवण सरळ होती. प्रेबेन बसला, थोडा वेळ तसाच राहिला, मग हात न टेकता उठायला गेला आणि जमलं नाही.

"हा नको," तो म्हणाला. "आत्ता ठीक आहे. पण ऐंशीव्या वर्षी मला यातून कोण बाहेर काढणार? गुडरून तेव्हा नव्वदीच्या घरात असेल."

दोर्ते कापडाचे नमुने चाळत होती. तिचा हात थांबला. ऐंशीव्या वर्षी, असं तो म्हणाला होता. ती खाली बघून नमुने चाळत राहिली, कारण वर पाहिलं असतं तर त्याला तिच्या डोळ्यांतलं दिसलं असतं आणि तो संकोचला असता.

शेवटी त्यांना हवा तसा सोफा मिळाला. उंच बैठकीचा, लाकडी हातांचा. पण तो करून घ्यावा लागणार होता.

"ऑगस्टच्या अखेरीपर्यंत थांबावं लागेल," विक्रेता म्हणाला. "तयार हवा असेल तर हा राखाडी…"

"थांबू की," प्रेबेन म्हणाला. "रंग कुठले आहेत?"

त्याने पिवळा निवडला. मोहरीच्या फुलांचा, लख्ख. दोर्तेला वाटलं तो थट्टा करतोय.

उन्हाळाभर बैठकीची खोली रिकामीच होती. ते दोघं बीचच्या टेबलापाशी बसायचे, नवे बटाटे खायचे, दारं उघडी टाकायचे. सोफा आला त्या दिवशी गुडरून मुद्दाम आली. ती त्यावर बसली, उठली, पुन्हा बसली, आणि म्हणाली, "रंग भयंकर आहे. सोफा चांगला आहे." मग पाय वर घेऊन तिथेच डुलकी काढली.

प्रेबेन टेबलाच्या दोन्ही फळ्या बाहेर ओढून पाहत होता. त्या सरसर निघाल्या. त्याने मेणबत्ती घासून ठेवली होती त्यांच्या खोबणींत.

"या ख्रिसमसला सगळ्यांना इकडेच बोलवू," तो दोर्तेला म्हणाला. "गुडरूनची मुलं, नातवंडं, सगळी. बदक मी भाजतो."

"खुर्च्या कमी पडतील."

"मग बघू अजून. ख्रिसमसला वेळ आहे." त्याने हात टेबलावरून फिरवला. "पुढच्या शनिवारी निघायचं का?"